परत फिरायचं म्हणजे नेमकं काय करायचं? वचन, पश्चात्ताप आणि क्षमा यांच्याकडे नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाणे स्टेशनवर नवखा माणूस एकदा तरी चुकतो. जायचं असतं पनवेलला आणि घाईत चढतो वाशीच्या गाडीत. चूक लगेच कळतही नाही, कारण ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही स्टेशनं दोन्ही गाड्यांना सारखीच. तुर्भ्याच्या पुढे एक गाडी सानपाड्याकडे वळते आणि दुसरी जुईनगरकडे. सानपाड्याची पाटी दिसली की पोटात धस्स होतं. पण डब्यात बसून कितीही हळहळलं तरी ती गाडी पनवेलला जात नाही. उतरावं लागतं, पूल चढून पलीकडे जावं लागतं, उलट्या दिशेची गाडी धरावी लागते.

आमच्या कोपरखैरण्याच्या बायबल अभ्यासाला नवीन कुणी आलं की मी हेच आधी सांगते. येणारे नाना तऱ्हेचे असतात. कुणी नगर, जालना, सोलापूरकडून नोकरीसाठी आलेले, जन्माने ख्रिस्ती, पण गावच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, तुटलेले. कुणी ख्रिस्ती घरात लग्न होऊन आलेली. कुणी नुसतंच वाचायचं म्हणून आलेले. तिघांचे प्रश्न मात्र फिरून तिथेच येतात: या पुस्तकावर भरवसा का ठेवायचा, पश्चात्ताप म्हणजे किती रडायचं, आणि देवाने क्षमा केली हे कळणार कसं. मला जे करून पाहून उमगलं ते इथे क्रमाने लिहिते. मी पाळक नाही, पंडितही नाही. वीस वर्षं मराठी उपासनेत मागच्या बाकावर बसणारी बाई आहे.

पुस्तक घ्या, पण पहिल्या पानापासून वाचू नका

बहुतेक जण उत्पत्तीपासून सुरुवात करतात. अब्राहाम, योसेफ, मोशे इथपर्यंत गोष्टींच्या ओघात छान जातं. मग लेवीयच्या पुस्तकातले यज्ञांचे नियम लागतात आणि बायबल कपाटात जातं. ते पुढे डिसेंबरातच बाहेर निघतं.

मार्कपासून सुरू करा. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं हे सगळ्यात लहान, सोळाच अध्याय. रोज एक अध्याय, दहा-बारा मिनिटं. त्यात येशूच्या उपदेशाचं पहिलं वाक्य येतं तेच मुळी पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा या अर्थाचं, म्हणजे तुमचा विषय पहिल्याच पानावर हातात पडतो. मार्क संपला की लूकचा पंधरावा अध्याय, स्तोत्र ३२ आणि ५१, योहानाचं पहिलं पत्र. एवढं सावकाश वाचलंत तर दीड महिना सहज जातो, आणि जाऊ द्यावा.

मोबाइलवर मराठी बायबल फुकट मिळतं, पण निदान सुरुवातीला कागदाचंच वापरा. मोबाइलवर वचन वाचताना वर ऑफिसचा मेसेज टपकतो आणि मन तिकडे जातं. कॅथलिक घरातलं बायबल जाड दिसलं तर गोंधळू नका. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक बायबलात ७३. नव्या कराराची, म्हणजे येशूपासून पुढच्या भागाची, २७ पुस्तकं दोघांकडे तीच.

भाषा अवघड वाटेल. ‘नीतिमान’, ‘तारण’, ‘अभिषिक्त’ हे शब्द रोजच्या बोलण्यातले नाहीत. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि विचारा, लाजू नका. पंडिता रमाबाईंना हीच अडचण दिसली होती. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्र असावं म्हणून त्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलाचं भाषांतर करत बसल्या. उतारवयात, थकलेल्या शरीराने ते काम त्यांनी पुरं केलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. संस्कृत पंडितांच्या सभेत ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या बाईने आपली सगळी विद्वत्ता सोपं लिहिण्यात घातली. माझा मराठी बायबलावरचा जीव त्या एका गोष्टीमुळे वाढला.

भरवसा ठेवण्याआधी विचारून घ्या

नव्या माणसाला वाटतं की शंका विचारली तर आपण अविश्वासू ठरू. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ काढा. बिरुया गावचे लोक येशूचा प्रेषित पौल याचं बोलणं ऐकतात आणि तो सांगतो ते खरं आहे का हे पाहायला रोज शास्त्र उघडून बसतात. लिहिणारा त्यांना नावं ठेवत नाही, त्यांचं मन थोर होतं असं म्हणतो. प्रत्यक्ष पौलाला तपासून घेतलेलं चालतं, तर आमच्यासारख्यांना का नाही?

पहिला प्रश्न हमखास येतो: इतक्या हातांनी नकलून नकलून मूळचं राहिलं असेल का? १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये मडक्यांत ठेवलेल्या गुंडाळ्या सापडायला लागल्या. त्यात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची एक अखंड गुंडाळी निघाली, सात मीटरहून लांब, ख्रिस्ताच्या जन्माच्या शंभरएक वर्षं आधी लिहिलेली. तोवर हाताशी असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी. दोन्ही ताडून पाहिल्या तेव्हा अक्षरांचे, शब्दांचे फरक निघाले, पण यशया तोच होता. ज्याच्या अखेरच्या भागात दुःख सोसणारा सेवक येतो, तोच.

आणि जिथे शंका आहे तिथे बायबल छापणारे ती लपवत नाहीत. मार्कच्या शेवटच्या अध्यायातल्या ९ ते २० या ओव्या आणि योहानाच्या आठव्या अध्यायातली, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, सगळ्यात जुन्या प्रतींत सापडत नाहीत. बऱ्याच आवृत्त्यांत कंस किंवा तळटीप देऊन हे सांगितलेलं असतं. पहिल्यांदा ती टीप पाहिली तेव्हा मी हादरले होते. आता मला तिचाच आधार वाटतो. हिशेबात पेन्सिलीची खूण करून ‘इथे पाहा’ लिहिणारा कारकून लबाड नसतो.

माझ्या मनात भरवसा बसला तो मात्र दुसऱ्या एका कारणाने. आपल्याकडच्या बखरी आठवा. पदरच्या माणसाने धन्याची बखर लिहिली की धन्याचे दोष सहसा गाळले जातात. इथे दावीद हा सगळ्यात लाडका राजा, आणि त्याने दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं, हे तपशिलाने लिहून ठेवलंय. येशूचा शिष्य पेत्र हा मंडळीचा खांब, आणि एका दासीच्या प्रश्नाला घाबरून त्याने गुरूला नाकारलं, हे चारही शुभवर्तमानं सांगतात. आपल्याच माणसांबद्दल इतकं उघड लिहिणारं पुस्तक माझ्याबद्दल सांगेल ते खरं असेल, असं मला वाटायला लागलं.

इतकं कळूनही भरवसा एका रात्रीत येत नाही. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही अशा अवस्थेत पुढे आठएक वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत सांगितलंय. तुमचं सहा महिन्यांत झालं नाही तर घाबरण्याचं कारण नाही. वाचलेलं एखादं लहानसं वचन त्या आठवड्यात पाळून पाहा. ‘तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं’ हे घ्या आणि सात दिवस फोनवर ‘पोचतोच दोन मिनिटांत’ म्हणणं बंद करा. शब्दाचं वजन पेलताना कळतं.

एक मात्र करू नका. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि ती ओवी म्हणजे देवाचं उत्तर समजायचं. हे कौल लावणं झालं. ओवी मागच्या-पुढच्या ओव्यांसकट वाचायची असते. सकाळी सकाळी मोबाइलवर फिरणाऱ्या एकेका वचनालाही हेच लागू.

पापाला त्याच्या नावाने हाक मारा

दावीदाचं पाप त्याला स्वतःहून दिसलं नाही. नाथान संदेष्टा येऊन गोष्ट सांगतो: एका गरिबाची एकुलती एक कोकरी, पोरीसारखी वाढवलेली, श्रीमंत शेजाऱ्याने पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापतो, तो माणूस मेलाच पाहिजे म्हणतो. आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच. (२ शमुवेल, अध्याय १२.) स्तोत्र ५१ च्या मथळ्यात याच प्रसंगाचा उल्लेख आहे. ते वाचताना बघा, दावीद एकही सबब सांगत नाही. ‘माझे अपराध’, ‘माझं पाप’, ‘मी केलं’.

आपण कसं बोलतो? ‘माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा कर.’ त्या ‘असेल तर’मध्ये सगळं बुडतं. म्हणून एक कागद घ्या, दार लावून बसा आणि नेमकं लिहा. ‘मी रागीट आहे’ असं नको. ‘मंगळवारी जेवताना मी मुलाला सगळ्यांसमोर गाढव म्हणाले’ असं लिहा. ‘पैशाच्या बाबतीत चुकलो’ नको. ‘सोसायटीच्या रंगकामाच्या बिलात मी ठेकेदाराकडून कमिशन घेतलं’ असं. कामवाल्या मावशींचे खाडे मोजून कापले आणि दिवाळीचा बोनस विसरल्यासारखं केलं, हेही. लिहिताना हात अडखळेल. जिथे अडखळतो तिथेच थांबून पुरं लिहा. कागद कुणाला दाखवायचा नाही, काम झालं की फाडून टाका.

इथे मला एक गोष्ट तळमळीने सांगायची आहे, कारण आमच्या अभ्यासाला येणाऱ्या बायांच्या कागदांवर पापाच्या यादीत काय काय निघतं ते मी ऐकलंय. मूल न होणं हे पाप नाही. आजारपण, गरिबी, नवऱ्याने टाकणं, नवऱ्याचा मार खाणं ही तुमची पापं नाहीत. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाला पाहून विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. ही ओवी पाठ करा. जे तुमच्यावर लादलं गेलं ते कागदावरून खोडा. पश्चात्ताप आपण केलेल्याचा करायचा असतो.

मग वळा

मराठीत ‘पश्चात्ताप’ हा शब्द आपल्याला थोडा फसवतो. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे जळणं. शब्दच असा की वाटतं, जितकं जास्त जळू तितका पश्चात्ताप खरा. पण नव्या कराराचा ग्रीक शब्द आहे ‘मेटानोया’, मन बदलणं, विचाराची दिशाच पालटणं. आणि जुन्या करारातले संदेष्टे ज्या हिब्रू शब्दाने हाक मारतात तो ‘शूब’, म्हणजे परत फिर. ताप येतो, येऊ द्यावा, पण तो सानपाड्याची पाटी दिसल्यावरचं धस्स होणं आहे. पुलाच्या पायऱ्या अजून चढायच्याच आहेत.

ठाण्यात मासुंदा तलावाजवळ पोर्तुगीजांच्या काळापासूनचं कॅथलिक चर्च आहे, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचं. तळावपाळीवर भेळ खायला जाणारी किती माणसं त्याच्या समोरून जातात. त्या योहानाने यार्देनेच्या काठी पश्चात्तापाचाच उपदेश केला. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला अगदी आपल्यासारखं विचारतात, मग आम्ही करायचं काय? मला वाटलं होतं तो म्हणेल उपास करा, अंगावर राख घ्या. तो म्हणतो, दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, अन्नाचंही तसंच. जकातदारांना म्हणतो, ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, कुणाला धाक दाखवून उकळू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधानी राहा. नोकरी सोडा असंही तो सांगत नाही. त्याच टेबलावर बसून हात आखडा, इतकंच.

तेव्हा कागदावरच्या प्रत्येक ओळीपुढे एक कृती लिहा, आणि ती या आठवड्यात जमेल इतकी लहान असू द्या. कमिशन घेतलं असेल तर पुढच्या कामाला तीन कोटेशनं मागवून नोटिसबोर्डावर लावा. दारू असेल तर घरी जायची वाट बदला, आणि ती सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे जा. व्यसन हे नुसत्या निश्चयाने सुटत नाही, आणि डॉक्टरांची मदत घेणं हेही वळणंच आहे.

तोंडाने बोला

स्तोत्र ३२ मध्ये दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तोवर माझी हाडं झिजली. गप्प राहण्याची ही झीज ज्याने अनुभवली त्याला समजवावं लागत नाही. देवासमोर मोठ्याने बोला, मनातल्या मनात नको. घरात एकांत मिळत नसेल तर पहाटे उपवन तलावाला फेरी मारताना बोला. भाषा शास्त्राची असायची गरज नाही. घरी बोलता तशी.

माणसासमोर बोलायचं का? कॅथलिक असाल तर प्रायश्चित्त संस्कार आहे. धर्मगुरूंसमोर पापनिवेदन करायचं, ते पापमुक्तीचे शब्द उच्चारतात आणि काहीतरी प्रायश्चित्त सांगतात. तिथे ऐकलेलं त्यांना कधीही, कुणालाही सांगता येत नाही, हा त्यांच्या चर्चचा कडक नियम आहे. फार वर्षांनी जात असाल तर तसं सांगा, ते हाताला धरून नेतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत उपासनेत सगळे मिळून पाप कबूल करतात, तेवढं पुरतं असं कुणी मानतं. पण याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, एकमेकांजवळ पापं कबूल करा असं लिहिलंय. माझा अनुभव सांगते: काही पापं दुसऱ्या माणसाच्या कानावर घातल्याशिवाय सुटत नाहीत.

तो माणूस मात्र पारखून घ्या. नात्यातला नको. वयाने मोठा, कमी बोलणारा, बाईने बाईला आणि पुरुषाने पुरुषाला सांगावं हे बरं. आणि ‘प्रार्थनेचा विषय आहे बरं का’ म्हणून दुसऱ्यांच्या गोष्टी तुमच्याजवळ बोलणारा तर मुळीच नको. तो तुमचीही सांगेल.

क्षमा घ्या

देणारा तयार असताना घेणारा मागे राहतो, हे मी फार पाहिलंय. लूक १५ मधल्या येशूच्या गोष्टीतला धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा घेऊन परदेशात तो उधळतो, आणि तिथून निघताना घरी बोलायचं भाषण पाठ करतो. त्याचं शेवटचं वाक्य असतं, मला तुमच्या एखाद्या मजुरासारखं ठेवा. घरी पोचल्यावरचं भाषण पुन्हा वाचा. ते वाक्य त्यात नाही. बाप ते बोलूच देत नाही, चाकरांना म्हणतो झगा आणा, अंगठी आणा, पायांत जोडे घाला. त्याआधी पोरगा लांब असतानाच त्याला पाहून तो धावत सुटलेला असतो. आपल्या गावाकडचा प्रतिष्ठित म्हातारा भर दुपारी धोतर सावरत, सगळ्यांच्या देखत रस्त्यावरून धावतोय असं डोळ्यांसमोर आणा. येशूने देवाचं चित्र काढलं ते असं. आपण मात्र ‘मला मजूर म्हणून ठेवा’ हे वाक्य वर्षानुवर्षं म्हणत राहतो. जास्त उपास, जास्त वर्गणी, जास्त सेवा, की हळूहळू फिटेल. फिटणारं असतं तर वधस्तंभ कशाला हवा होता?

योहानाचं पहिलं पत्र, १:९. आपण पापं कबूल केली तर तो क्षमा करायला विश्वासू आणि न्यायी आहे. ‘न्यायी’ या शब्दापाशी मी थांबते. दया आली म्हणून देव काणाडोळा करतो असं तिथे नाही. किंमत येशूने चुकवलीय, आता क्षमा करणं हेच न्यायाला धरून आहे. म्हणून ती माझ्या त्या दिवशीच्या भावनेवर टांगलेली नाही. मन हलकं झालं तरी क्षमा आहे, नाही झालं तरी आहे.

मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकात, शेवटच्या अध्यायात लिहिलंय की देव आपली पापं समुद्राच्या खोल तळाशी टाकतो. वाशीच्या पुलावरून गाडी जाताना लोक खिडकीतून निर्माल्याची पिशवी खाडीत टाकतात. भरती आली की तीच पिशवी काठाला लागते. मी कित्येक वर्षं माझी पापं अशी खाडीत टाकत होते आणि संध्याकाळी चिखलातून उचलून घरी आणत होते. मीखा खाडीचं बोलत नाही, खोल समुद्राचं बोलतो. जुनी आठवण वर आली की मी आता मोठ्याने म्हणते, हे कबूल केलंय, हे बुडालंय.

यहूदा आणि पेत्र यांच्या गोष्टी शेजारी ठेवून वाचा. दोघेही येशूचे शिष्य, आणि एकाच रात्री यहूदाने गुरूला पैसे घेऊन पकडून दिलं, पेत्राने त्याला नाकारलं. यहूदालाही वाईट वाटलं, त्याने तीस रुप्याची नाणी परत नेऊन दिली, मी पाप केलं असं बोलून दाखवलं. पण तो गेला त्या याजकांकडे, आणि ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय? तो तिथून एकटाच गेला आणि त्याने जीव दिला. पेत्र रडला, पण इतर शिष्यांना सोडून गेला नाही. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तळ्याच्या काठावर कोळशाचा विस्तव पेटलाय, आणि मरणातून उठलेला येशू पेत्राला भेटतो. असाच विस्तव अठराव्या अध्यायात होता, ज्याच्याभोवती शेकत पेत्र नाही म्हणाला होता. तीन वेळा नाकारलं होतं, तीन वेळा विचारणा होते, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि प्रत्येक उत्तराला काम मिळतं, माझी मेंढरं पाळ.

अपराधाच्या भावनेने झोप उडाली असेल, जगू नये असं मनात येत असेल, तर त्याला पश्चात्ताप समजून एकट्याने सोसू नका. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आज लावा. पाळकांशी, फादरांशीही बोला, पण हा फोन आधी.

जे घेतलंय ते परत करा

क्षमा झाल्यावर हिशेब संपला असं नव्हे. येशू जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी उतरला, तेव्हा जक्कय उभं राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय ६ मध्ये, लबाडीने ठेवून घेतलेल्याचा दर मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त असा आहे. ज्या लेवीयला कंटाळून आपण बायबल मिटतो, त्यातच हे आहे.

माझं सांगते. आई गेली तेव्हा तिच्या दोन सोन्याच्या पाटल्या माझ्याकडे होत्या. एक माझी, एक ताईची, असं आईनेच सांगितलं होतं. हॉस्पिटलच्या बिलात दोन्ही मोडल्या, असं मी ताईला सांगितलं. बिल माझ्या ऑफिसच्या विम्यातून भागलं होतं. पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये होत्या, सहा वर्षं. मग एका प्रभुभोजनाच्या रविवारी मत्तय ५ वाचलं गेलं: वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी भाकरी आणि द्राक्षारस न घेता उठले.

पुढच्या शनिवारी लॉकर उघडून तिची पाटली काढली, त्या दिवसाच्या भावाने पाचवा हिस्सा रोख पाकिटात घातला आणि कळव्याला तिच्या घरी गेले. उंबऱ्यातच सांगितलं, नाहीतर चहाच्या निमित्ताने मी माघारी फिरले असते. ताईने पाटली हातात फिरवून पाहिली. म्हणाली, “आईच्या मातीला तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, तेव्हा ही तुझ्याकडेच होती ना?” मी हो म्हणाले. तिने पाकीट घेतलं नाही, चहाही केला नाही. नाताळपर्यंत आमचं बोलणं नव्हतं. आता बोलते, येते-जाते. पूर्वी गावाला जाताना ती घराची किल्ली माझ्याकडे ठेवायची, ती आता शेजारी ठेवते. देवाने मला क्षमा केली याबद्दल माझ्या मनात शंका नाही. किल्ली द्यायची की नाही हे ताई ठरवेल, आणि मी ती मागणार नाही.

म्हणून परत करायला जाल तेव्हा क्षमेची अपेक्षा घेऊन जाऊ नका. द्या, खरं सांगा, आणि समोरचा बोलेल ते ऐकून घ्या. ‘देवाने मला माफ केलंय’ हे वाक्य तिथे अजिबात उच्चारू नका. आणि जिथे तुमच्या जाण्याने त्या माणसाची जखम पुन्हा उघडणार असेल, तिथे आधी जाणत्या माणसाचा सल्ला घ्या.

दुसऱ्याचं देणं सोडा

मत्तय १८ मधल्या चाकराचं धन्याकडे देणं होतं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. आपल्या नाक्यावरच्या मजुराची रोजी पाचशे धरा, देणं होतं तीन हजार कोटी. ते माफ झालं. त्याच्या सोबत्याचं त्याच्याकडे देणं होतं शंभर दिनार, म्हणजे पन्नास हजार, आणि त्यासाठी त्याने सोबत्याचा गळा धरला. पन्नास हजार ही काही लहान रक्कम नव्हे. येशू दुखावलेल्याचं दुखणं खोटं ठरवत नाही, ते कशाशेजारी ठेवून पाहायचं एवढंच दाखवतो.

क्षमा करणं म्हणजे सूड घेण्याचा हक्क देवाच्या हाती देणं. पुन्हा मार खायला घरात परत जाणं असा त्याचा अर्थ नाही. ‘ख्रिस्ती बाईने सोसावं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडी असेल तर ११२. तक्रार करूनही क्षमा करता येते.

पुन्हा घसरलात तर

घसराल. तेव्हा नवा विधी शोधू नका, हाच कागद, हीच वाट. घसरल्यावर लोक दोन-तीन रविवार मंडळीत येत नाहीत, तोंड कसं दाखवायचं म्हणून. त्याच रविवारी या. मागचा बाक मोकळा असतो, मी तिथेच बसते.

आज रात्री लूक १५ वाचा, मोठ्याने, अकराव्या ओवीपासून शेवटपर्यंत. थोरला भाऊ अंगणात उभा आहे आणि बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर आलाय, इथे गोष्ट थांबते. तो आत गेला की नाही हे लूक लिहीत नाही. उद्या सकाळी कागद आणि पेन्सिल घेऊन बसा.